मुलांना ‘अहो’ म्हणणारे सर

“हॉलला खिडक्या किती आहेत?”

फोनवर त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सगळी उत्तरं तयार ठेवून बसले होते. गाडी कोणती, उतरायची सोय कुठे, सोबत कोण असेल. त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मी म्हटलं, “असतील सहा-सात.”

“सहा की सात?”

“बघून सांगते, सर.”

“बघा. मी थांबतो,” म्हणाले, आणि खरोखर फोन कानाला लावून थांबले. मी अमरावतीला आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये होते आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर. धापा टाकत जिना चढले, खिडक्या मोजल्या. आठ निघाल्या.

“बरं झालं विचारलं,” सर म्हणाले. “खिडकीबाहेर बघत बसलेलं मूल हा माझा परीक्षक. परीक्षक किती, ते मला आधी कळायला हवं.”

मी गणिताची शिक्षिका. त्या वर्षी आमच्या गणित शिक्षकांच्या मंडळाची सचिवही होते. सरांची गमतीच्या गणिताची पुस्तकं आमच्या शाळेच्या कपाटात होती. मुलांनी वाचून वाचून त्यांची पानं सुटली होती. असा माणूस पुण्याकडच्या मोठ्या शाळांमधूनच का हिंडावा, आपल्या वऱ्हाडातल्या मुलांनी त्याला का बघू नये, असं माझ्या मनात आलं आणि मी वर्षभर त्यांच्यामागे लागले. शेवटी पाच दिवसांचा दौरा ठरला. अमरावती, आजूबाजूचे तालुके आणि शेवटी अकोल्याला दोन कार्यक्रम. तो दौरा ठरवताना मला जेवढा आनंद झाला होता, तेवढीच धास्ती प्रत्यक्ष दौऱ्यात मी रोज घेतली.

बडनेरा स्टेशनवर ते उतरले तेव्हा हातात एकच खाकी पिशवी होती. उंच, किंचित वाकलेले, सत्तरीचे. मी पुष्पगुच्छ पुढे केला. त्यांनी हात मागे घेतले. “हा कोणत्या तरी आजारी माणसाला द्या,” म्हणाले. पिशवी मी घ्यायला गेले तर ती विलक्षण जड. आत चिंचोके, सुतळीचे गुंडे, काड्यापेट्या आणि एक जाड सुती दोर. कपडे सगळे मिळून दोन जोड असतील.

दुसऱ्या दिवशी शेताच्या कडेला रचलेला पऱ्हाटीचा ढीग त्यांनी पाहिला. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या वाळक्या काड्या. लगेच गाडी थांबवायला लावली आणि भारा बांधून घेतला. त्यानंतर काड्यापेट्या पिशवीतच राहिल्या. त्रिकोण, चौकोन, सगळं पऱ्हाटीचं. आमचे ड्रायव्हर गजाननभाऊ म्हणाले, “सर, चुलीत घालायच्या काड्या ह्या. तुमी तं इज्जतच वाढवून राहिले त्याइची.” सर खूष झाले.

त्यांची सगळ्यांत विचित्र सवय म्हणजे ते मुलांना ‘अहो’ म्हणत. पाचवीतलं पोर असलं तरी “अहो, तुम्ही सांगा,” “तुम्हाला काय वाटतं?” आमच्याकडे बापही पोराला हाक मारतो ती “काय रे पोट्ट्या” अशी. मुलं आधी मागे वळून बघायची, मागे कोणी मोठं माणूस उभं आहे का म्हणून. मग फिदीफिदी हसायची. आणि पाच मिनिटांनी ताठ बसायची. मी हे प्रत्येक शाळेत पाहिलं. मुलं ताठ का होतात, याचं मला पहिले दोन दिवस नवल वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी कार्यक्रमाला निघण्याआधी मी माझ्या वर्गात ‘अहो’ म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून ते नाटकी वाटलं. मी सोडून दिलं.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते मुलांकडे पाठ करून उभे राहत. बोलत नसत, हलत नसत. गोंगाट आपोआप विरेपर्यंत तसेच. एका शाळेत हे इतका वेळ चाललं की तिथले पर्यवेक्षक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, सरांची तब्येत बरी हाये ना?”

पण ते गोड म्हातारे होते असं कोणी समजू नये. त्यांच्या संतापाला मी फार भिऊन होते. अमरावतीच्याच एका नावाजलेल्या शाळेत आम्ही गेलो. हॉलमध्ये पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, “ही पुढची मुलं कोण?”

मुख्याध्यापिका अभिमानाने म्हणाल्या, “आमचे स्कॉलर आहेत सर. मुद्दाम पुढे बसवले.”

“आणि मागची?”

“मागचे... बाकीचे.”

सर तिथल्या तिथे मागे फिरले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी धावत मागे. “बाकीचे पुढे येईपर्यंत मी आत येणार नाही,” एवढंच म्हणाले. मुख्याध्यापिकांचा चेहरा लाल झाला. मी बाईंपुढे हात जोडले, त्यांनी माझ्याकडे जळजळीत बघितलं आणि शेवटी तीनशे मुलं उठली, मागची पुढे, पुढची मागे. वीस मिनिटं त्यात गेली. कार्यक्रम छान झाला, पण निघताना बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. अजूनही कुठे भेटल्या तर बोलत नाहीत.

अंदाजे, साधारण, जवळजवळ हे शब्द त्यांना चालायचे नाहीत. “साधारण दहाला निघू,” म्हटलं की ते घड्याळ काढत. हॉटेलातल्या माणसाने “दो मिनिट में लाया” म्हटलं तर दोन मिनिटांनी त्याला बोलावत. अमरावतीचा गिला वडा त्यांना फार आवडला. तरी त्या गाडीवाल्याशीही ‘थोडी चटणी’ म्हणजे किती यावर त्यांचा वाद झाला. मी रोज संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला म्हणायची, “हा माणूस अचूकपणाने मला मारणार आहे.”

म्हणूनच नांदगाव खंडेश्वरकडच्या त्या शाळेत जे घडलं, त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

दौऱ्याचा चौथा दिवस होता. सकाळी साडेनऊला त्या तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत कार्यक्रम आणि दुपारी दोनला अकोल्याला. मधे शंभरएक किलोमीटर. अकोल्याच्या संस्थाचालकांनी चार शाळांची मुलं एका सभागृहात आणायचं ठरवलं होतं, केबलवाल्यांनाही बोलावलं होतं. मला आदल्या दिवशीच त्यांचा फोन येऊन गेला होता, “बाई, दोन म्हंजे दोन बरं का!”

इथे मुख्याध्यापकांनी स्वागताच्या भाषणातच अर्धा तास घालवला. सर पाठमोरे उभे राहायचेही विसरले. मी दाराशी उभी, डोळा घड्याळावर. शेवटचा खेळ सुरू झाला तेव्हा निघायची वेळ होऊन गेली होती. मी सरांना दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. त्यांनी मान हलवली आणि भराभर बोलायला लागले.

खेळ साधा होता. चार आकडी संख्या घ्या. तिचेच आकडे उलटसुलट करून दुसरी संख्या करा. मोठीतून लहान वजा करा. उत्तरातला एक आकडा खोडा आणि उरलेले मला सांगा. खोडलेला कोणता, ते मी ओळखतो. असं उत्तर नेहमी नवाच्या पटीत येतं, म्हणून त्यातल्या आकड्यांची बेरीजही नवाच्या पटीत येते. उरलेल्यांची बेरीज केली की किती कमी पडतात ते कळतं. आधीच्या प्रत्येक शाळेत एक वाक्य ते न चुकता सांगत, “शून्याला मात्र हात लावायचा नाही.” त्या दिवशी ते वाक्य राहिलं. माझ्या दोन बोटांमुळे राहिलं.

चार-पाच मुलांचे आकडे त्यांनी फटाफट ओळखले. टाळ्यांवर टाळ्या. मग सातवीतली एक मुलगी उठली. दोन वेण्या, बारीक चण.

“दोन, सात, नऊ,” ती म्हणाली.

“नऊ!” सर म्हणाले. टाळ्या.

“नाई सर. शून्य.”

टाळ्या चालूच होत्या. सर तिच्याकडे बघत राहिले. मुख्याध्यापक स्टेजवरून ओरडले, “ए पूनम, वजाबाकी कर नीट! सरायचं चुकत नसते.”

“म्या दोन खेपा केली सर. बरोबर हाये.”

सगळा हॉल हसला. सरांनी ओठ उघडले, मिटले. मग म्हणाले, “घरी गेल्यावर पुन्हा एकदा पाहा,” आणि दुसऱ्या मुलाकडे वळले.

तिने बसायला हवं होतं. ती बसली नाही. वही छातीशी धरून उभीच राहिली. मुख्याध्यापकांनी बोट दाखवलं, “लय शाणी झाली का? बाहेर उभी राय.” ती माझ्या अंगावरून बाहेर गेली. तिची वही माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी गणित शिकवणारी बाई. मला ती मागून बघता आली असती. मी घड्याळ बघितलं.

निघताना मुख्याध्यापकांनी माझ्या हातात एक कागद दिला. संक्रांतीनंतर अमरावतीला आमच्या मंडळाचं आठ दिवसांचं शिबिर होतं. त्यासाठी त्यांच्या शाळेतून निवडलेल्या तीन मुलांची नावं त्यावर होती. गाडीत बसल्यावर मी तो कागद मांडीवर ठेवला. बडनेरा मागे पडलं. सर खिडकीबाहेर बघत होते. एरवी गाडीत ते सतत बोलत, त्या दिवशी नाही. मला वाटलं, दमले असतील. मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा त्यांची नजर त्या कागदावर पडली. पहिलं नाव लाल शाईने खोडलेलं होतं.

“हे काय?”

“शिबिराची नावं. हे पहिलं मुख्याध्यापकांनी रद्द केलंय. ती... मघाची मुलगी.”

त्यांनी कागद घेतला. मग म्हणाले, “गाडी थांबवा.”

गजाननभाऊंनी गाडी कडेला घेतली. “परत चला,” सर म्हणाले. “त्या शाळेत.”

“सर, अकोल्याला मुलं बसलीत. साडेसहाशे मुलं. त्यांना सकाळपासून आणून बसवलंय.”

“ती चिडतील. चिडून घरी जातील.”

“माझं काय होईल, सर?”

हे मी बोलून गेले आणि मला माझीच लाज वाटली. पण खरं होतं ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचं वाईट होईल, बाई,” म्हणाले. “मला ते दिसतंय. तरी परत चला.”

“का पण? तिथे जाऊन काय करणार?”

“ती बरोबर होती.”

त्यांनी सीटच्या पाठीवर पेनाने मांडून दाखवलं. दोन, सात, नऊ. बेरीज अठरा. खोडलेला आकडा शून्य असला तरी जमतं, नऊ असला तरी जमतं. ओळखायला मार्गच नाही. मी बघत राहिले. दोन ओळींचं गणित ते.

गजाननभाऊ मागे वळून म्हणाले, “मॅडम, गाडी वळवू का नको, थे एकदा सांगा. दोघायचं मले आयकता येत नाई.”

“वळवा,” मी म्हटलं.

मग मी अकोल्याला फोन लावला. संस्थाचालक आधी हसले. “मजाक करून राहिल्या का बाई?” नंतर त्यांचा आवाज चढला. मागून मुलांचा कलकलाट ऐकू येत होता. सरांनी फोन माझ्या हातून घेतला. “चूक माझी आहे. बाईंचा काही संबंध नाही.” पलीकडून काय आलं ते मला स्पष्ट ऐकू आलं, “चूक कोनाची बी असो सर, पोट्टे माह्या हॉलमधी बसून हायेत. अन् त्या बाईले सांगा, आता आमच्या कोनत्याच शाळेत तुमच्या मंडळानं पाय ठेवायचा नाई.” फोन बंद झाला. सरांनी तो माझ्या मांडीवर ठेवला.

शाळेत पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मुख्याध्यापक घाबरेघुबरे बाहेर आले. “काई राहिलं का सर?”

“पूनम कुठे आहे?”

ती मधल्या सुट्टीतच घरी निघून गेली होती. दप्तर घेऊन. मुख्याध्यापकांना आमच्या येण्याचं कारण कळलं तेव्हा ते आधी हसले, मग गंभीर झाले. “एवढ्याशा गोष्टीसाठी अकोला सोडून आले? सर, लेकरं हायेत थे. उद्यापर्यंत इसरून जातील.”

“ती विसरणार नाही,” सर म्हणाले. “घर कुठे?”

घर गावाबाहेर मळ्यात होतं. वांगी, मेथी, कडेला झेंडू. बाप भाजी घेऊन अमरावतीच्या बाजारात गेलेला. आई आणि पूनम बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आम्हाला बघून आईने पदर सावरला, पण पोरीने मान वर केली नाही.

“आल्यापासून बोलूनच नाई राहिली,” आई मला म्हणाली. “म्हने मले शिबिराले जायचं नाई, मले गनित जमत नाई. मी म्हनलं बरं झालं बाई. इथं जुड्या बांधाले हात लागतेच.”

सर तिच्यासमोर खाली मातीत बसले. गुडघे दुखत असताना बसले, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“अहो पूनम,” ते म्हणाले, “तुमची वजाबाकी बरोबर होती.”

ती सुतळी ओढत राहिली.

“शून्य खोडायचं नाही, हे मी आधी सांगायला हवं होतं. ते सांगायचं राहिलं. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवरून नऊ की शून्य हे कोणालाच ओळखता आलं नसतं. मी ठोकून दिलं. चूक माझी.”

तिने पहिल्यांदा वर बघितलं. “मंग हे तुमाले कवा समजलं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलंच होतं. गाडीत, मूर्तिजापूरजवळ, असं मी सांगणार होते. मला तसंच वाटत होतं.

“तेव्हाच,” सर म्हणाले.

“तवाच म्हंजे?”

“तुम्ही शून्य म्हणालात, त्याच वेळी.”

आईचे हात थांबले. पूनमने जुडी खाली ठेवली.

“मंग सांगतलं काहून नाई?”

सरांनी समोरची एक जुडी उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, “टाळ्या वाजत होत्या. मी सांगितलं असतं तर थांबल्या असत्या.”

“सगळे हासले मले.”

“हो. मी ऐकलं.”

“मले बाहेर काहाडलं.”

“तेही पाहिलं.”

ती काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. ती त्यांना तपासत होती. मग म्हणाली, “मंग हे तिथं सांगा. इथं सांगून काय फायदा? इथं तं मले कोनी हासलंच नोतं.”

आईने “अवं, गप!” म्हणून तिच्या दंडाला धरलं. सर म्हणाले, “नाही, त्यांचं बरोबर आहे.” आणि उठायला लागले. उठता येईना. मी आणि त्या माऊलीने दोन बाजूंनी धरून उठवलं. पूनम जुड्या बांधायला लागली.

तोवर शाळा सुटत आली होती, बाहेरगावची मुलं एसटीसाठी निघाली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. म्हणजे अकोल्याचा दुसरा कार्यक्रमही गेला. तो फोन मी एकटीने, माझ्या घराच्या गच्चीवर उभं राहून केला. तिथल्या लोकांना दुपारची बातमी आधीच कळली होती. त्यांनी फक्त “ठीक आहे” म्हटलं. ते जास्त लागलं.

सकाळी परिपाठाच्या आधी मुख्याध्यापकांनी सरांना बाजूला घेतलं. “सर, तुमचा मोठेपना हाये. पन पोरायसमोर नका बोलू हे. उद्या हे मले उलटून बोलतीन.”

“बोलू द्या की.”

“तुमी जासान पुन्याले. इथं मले राहाचं हाये.”

सर थांबले. हे त्यांना पटलं असावं, कारण म्हणाले, “मी तुमच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. माझ्याबद्दल बोलतो.”

मुख्याध्यापकांनी माइक दिला नाही. सर मुलांच्या रांगांसमोर जाऊन उभे राहिले. मी सातवीची रांग शोधत होते. पूनम होती. शेवटून दुसरी.

“काल इथे एक उत्तर बरोबर होतं,” सर म्हणाले. “ते माझं नव्हतं, पूनमचं होतं. मला ते त्याच वेळी कळलं होतं. मी गप्प राहिलो. तुम्ही त्यांना हसलात, ते माझ्या गप्प राहण्यामुळे.”

मुलांना काय करावं कळेना. मग पाचवीच्या रांगेतून एका मुलीचा बारीक आवाज आला, “सर, मंग तुमाले शिक्षा काय?”

शिक्षकांपैकी कोणीतरी दटावलं. सरांनी हात वर केला. “इथे काय शिक्षा असते?”

“बाहेर उभं रायाचं. एक तास.”

आणि ते खरंच उभे राहिले. सातवीच्या वर्गाच्या दाराबाहेर, व्हरांड्यात, भिंतीला न टेकता. मुख्याध्यापकांनी स्वतः खुर्ची आणली. सर म्हणाले, “काल त्यांना खुर्ची दिली होती का?” खुर्ची तशीच राहिली. पूर्ण तास. वर्गात बाई भूगोल शिकवत होत्या आणि एकाही मुलाचं भूगोलात लक्ष नव्हतं. मी आणि गजाननभाऊ समोरच्या कडुनिंबाखाली बसून होतो. त्यांचे पाय थरथरताना आम्हाला तिथून दिसत होते. गजाननभाऊ दोनदा उठले, दोनदा मी त्यांना खाली बसवलं.

घंटा झाली. मुलं बाहेर आली, सरांच्या बाजूने वाट काढत गेली. पूनम शेवटी आली. त्यांच्यासमोर थांबली.

“पन सर, नेहमी नवाच्याच पटीत काहून येते?”

सर मटकन पायरीवर बसले. पिशवीतून चिंचोके काढले. मधली सुट्टी संपेपर्यंत ती दोघं तिथे बसली होती. ते काय बोलत होते ते ऐकायला मी जवळ गेले नाही.

परत येताना गाडीत सर फक्त एकदा बोलले. “बाई, तीस वर्षं मी हा खेळ करतोय. या आधी किती जणांना ‘घरी जाऊन पुन्हा पाहा’ म्हटलं असेल, मला आठवत नाही.”

अकोल्याच्या दोन्ही संस्थांना त्यांनी पुण्याला गेल्यावर हाताने लिहून माफीची पत्रं पाठवली. उत्तरं आली नाहीत. आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत माझ्या जागी दुसरा सचिव नेमला गेला. मी भांडले नाही. नवरा म्हणाला, “तू गाडी वळवायला नको होतीस.” मी त्याच्याशीही भांडले नाही. खरं सांगायचं तर कित्येक दिवस मलाही तसंच वाटत होतं. अकोल्याच्या त्या साडेसहाशे मुलांनी काय चूक केली होती? सर पुन्हा वऱ्हाडात आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते गेल्याचं मला एका शिक्षकाच्या मेसेजवरून कळलं.

संक्रांतीनंतरचं शिबिर मात्र माझ्याकडेच राहिलं होतं, कारण ते घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. खोडलेल्या नावाचा तो कागद मी तसाच फाईलला लावला होता. मुख्याध्यापकांनी नवा पाठवला नाही, मी मागितला नाही. पहिल्या दिवशी सकाळी पूनमला घेऊन तिची आई आली, भाजीच्या टेम्पोत बसून. “आठ दिवस म्हनले ना? नववा नाई बरं मॅडम,” एवढं बोलून ती त्याच टेम्पोने गेली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर अपूर्णांकांचं एक उदाहरण सोडवत होते. चाळीस मुलं उतरवून घेत होती. पूनमने हात वर केला. “मॅडम, तुमचं चुकलं.”

वर्गात चुळबुळ झाली. कोणीतरी हसलं. मी खडू ठेवला आणि तिच्या बाकापाशी गेले. तिची वही हातात घेतली, ओळ न ओळ वाचली. मग तिला फळ्याशी बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून पहिल्या पायरीपासून पुन्हा मांडणी केली. तिसऱ्या पायरीवर ती थांबली. छेद लिहिताना तिनेच चूक केली होती.

“हव, माह्यंच चुकलं,” ती म्हणाली. हाताचा खडू फ्रॉकला पुसला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.